आईचा नसलेला मुतखडा

हे लिहावं की नाही यात माझे बरेच दिवस गेले. शेवटी आईलाच विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही. फक्त नाव नको टाकू, आन मले म्हातारी नको दाखवू." म्हणून आधीच सांगते, आमची आई म्हातारी नाही. आणि हे तिला विचारून लिहिलेलं आहे.

आमचं गाव जळगावजवळ, असोद्याच्या बाजूला. घरची थोडी केळी, थोडी कपाशी. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. धुळ्याला शिकते, होस्टेलवर राहते. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला की मी येईपर्यंत तो देवाच्या फळीवर ठेवतात. लाइटबिल असो की लग्नपत्रिका, मी वाचल्याशिवाय ती खरी होत नाही.

आमच्या गल्लीत ऊन तापायला लागलं की पापडांचे दिवस येतात. आज एकीच्या ओट्यावर, उद्या दुसरीच्या. उडदाचं पीठ कुटायचं, दोऱ्यानं लाट्या कापायच्या आणि दुपार होईपर्यंत लाटत बसायचं. जी दुसऱ्यांकडे जाते तिच्याकडेच बाकीच्या येतात, असा नियम आहे. पापड तर होतातच, पण बायका खऱ्या जमतात त्या हसायला. वर्षभर नवऱ्यांच्या आणि सासवांच्या ज्या गोष्टी पोटात ठेवलेल्या असतात, त्या त्या आठवड्यात बाहेर निघतात.

आई सहा वर्षं पापडांना गेली नव्हती. दोन बाळंतपणं झाली आणि त्यानंतर गवताचे भारे आणि पाण्याचे हंडे वाहण्यात बरीच वर्षं गेली, तेव्हापासून तिला एक त्रास होता. शिंक आली, खोकला आला, जोरात हसू आलं की लघवीचे थेंब सुटायचे. थेंब हा मी सभ्यपणे लिहिलेला शब्द आहे. सहा वर्षांपूर्वी मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकूच्या ओट्यावर पापड लाटताना सगळ्या हसत सुटल्या आणि आईचं पातळ भिजलं. तिनं शेजारचा पाण्याचा तांब्या धक्का लागल्यासारखा स्वतःच्या अंगावर सांडवला, "ओली झाली व माय" म्हणाली, आणि घरी आली ती आलीच. पुढच्या वर्षापासून आमच्या घरातून मी जायला लागले, पण आमच्या ओट्यावर पापड होईनात, ते बाजारातून यायला लागले. माझे पापड बघून शेजारच्या अक्का म्हणायच्या, "या पोरीले कॉलेजातच पाठवा." अक्का गल्लीत सगळ्यांत मोठ्या आहेत, त्यांना कोणी उलट बोलत नाही. आईबद्दल विचारायच्या, "तुझी माय तालेवार झाली काय व? बाजारचे पापड गोड लागतात तिले?" मी भोळी, घरी येऊन जसंच्या तसं आईला सांगायची.

आई घरातसुद्धा दाराची चौकट धरून, पाय आवळून हसायची. तिच्या तोंडाकडे बघून वाटायचं, पोटात कळ आली असेल. तिला एवढंच हवं होतं, की एकदा त्या ओट्यावर बसून बाकीच्यांसारखं हसावं आणि कोरडं उठावं. हे तिनं मला सांगितलं त्या दिवशी मी फार मोठी झाल्यासारखी वाटले स्वतःला.

मग एकदा आमच्या कॉलेजात मुलींसाठी एका डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान झालं. "काही प्रश्न?" असं त्यांनी विचारल्यावर अख्खा हॉल चपला बघायला लागला. नंतर मी तीन वेळा त्यांच्याजवळ गेले आणि तीन वेळा पाणी पिऊन परत आले. चौथ्यांदा म्हणाले, "माझ्या एका मैत्रिणीच्या आईला असं असं होतं." त्या म्हणाल्या, "त्या मैत्रिणीच्या आईला घेऊन ये."

आईला धुळं पसंत पडलं, कारण जळगावच्या कुठल्याही दवाखान्यात गेलं की गावातलं कोणीतरी बाकावर बसलेलंच असतं. तपासताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोका." कीर्तनात खोकतात तसं आई हळूच खोकली. "असं नाही, मिरच्यांचा खकाणा बसल्यावर खोकतो तसं." आई तशी खोकली, आणि मग लाजेनं तिनं पदर तोंडावर घेतला. आधी काही महिने व्यायाम करून बघितले. आतले स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे. आई चुलीपुढे ते इमानदारीनं करायची. थोडा फरक पडला, हसण्याइतका नाही पडला. तेव्हा ऑपरेशन ठरलं.

"लघवीच्या नळीखाली जाळीची एक बारीक पट्टी बसवायची," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "बाळाला झोळीचा आधार असतो तसा त्या नळीला आधार."

"आन झोळी सोडवायची कव्हा?" आईनं विचारलं.

"सोडवायची नाही. ती आतच राहते."

आईनं छताच्या पंख्याकडे बघितलं. मग म्हणाली, "राहू द्या मंग आतच."

सहीचा कागद आला तेव्हा तो वाचून दाखवायचं काम माझं. मी ओळीवर बोट ठेवून वाचत होते. एका ओळीत लिहिलं होतं की काही बायकांना नंतर दुखत राहतं, कधी जाळी आतून घासते, बाहेर येते, परत ऑपरेशन करावं लागतं. आई घाबरून उठून जाईल असं मला वाटलं. मी ती ओळ सोडली आणि खालच्या ओळीवर गेले. आईनं अंगठा न लावता तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत सही केली. ती सही करायला मीच तिला शिकवलं होतं.

दिवाळी झाल्यावर, मला सुट्टी होती तेव्हा ऑपरेशन झालं, ते नीट झालं. दुसऱ्या दिवशी लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढली. सिस्टर मोजमापाचं भांडं घेऊन उभी, आणि आईला लघवी होईना. मी नळ सोडून ठेवला. आई आतून म्हणाली, "पाणी वाया नको घालू." शेवटी झाली, सिस्टरनं भांडं उजेडात धरून बघितलं आणि "मस्त" म्हणाली. आई मला म्हणाली, "दहावीले तुले एवढं मस्त कोणी म्हटलं नव्हतं."

घोळ झाला तो त्यानंतर. सहा आठवडे ओझं उचलायचं नाही, कळशीसुद्धा नाही, असं सांगितलेलं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई घरात बसली म्हटल्यावर लोक विचारणारच. स्टँडवर कोणीतरी बाबांना विचारलं, "वहिनीचं कशाचं ऑपरेशन?" आमचे बाबा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, त्यामुळे त्यांना सराव नव्हता. ते म्हणाले, "मुतखडा."

संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर बायका. आजारी माणसाला भेटायला येताना कोणी रिकाम्या हातानं येत नाही. आणि मुतखड्यावर औषध म्हणजे हुलग्याचं कढण, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. अक्का तांब्याभर कढण घेऊन आल्या. मोठी आई किटलीभर घेऊन आली. तिसरीनं पानफुटीची पानं आणली, चौथीनं जवाचं पाणी. आणि नुसतं देऊन जात नव्हत्या, तांब्या रिकामा होईपर्यंत समोर बसत होत्या.

"पी व. बारीक कण राह्यले असतीन तर धुऊन जातीन."

आई माझ्याकडे बघायची. मी पुस्तकाकडे बघायची. आई प्यायची.

दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "खडा दाखव."

हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे ज्याचा मुतखडा निघतो तो खडा छोट्या बाटलीत घालून घरी आणतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. आई म्हणाली, "ठेवला आहे कुठंतरी, सापडला की दाखवते." मागच्या दारानं जाऊन मी पाण्याच्या टाकीखालून एक बारीक खडा उचलला. तो ब्रशनं घासला, डिंकात थोडी हळद कालवून वरून लावली आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घातला. सायन्सला असल्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला, हे कबूल करते.

बाटली ओट्यावर हातोहात फिरली. अक्कांनी ती उन्हात धरली.

"एवढासाच? आमच्या यांचा तुरीच्या डाळीएवढा होता."

"माझ्या भावाचा तर बोराएवढा."

"एवढ्यासाठी धुळ्यापर्यंत गेली काय व?"

बायका गेल्यावर बाबा बाटलीकडे बघून म्हणाले, "जरा मोठा घ्यायचा होता."

आई हसली नाही. चौकट धरून उभी राहिली आणि मग धावत मोरीत गेली. तिथूनच सगळं बिघडलं. आठ दिवस कढण पिऊन तिला घटकेघटकेला जावं लागायचं, आणि जाता जाता कधी कधी रस्त्यातच सुटायचं. मांडीच्या आतल्या बाजूला दुखत होतं ते वेगळंच. एका सकाळी तिनं मला शांतपणे सांगितलं, "जाळी तुटली." मी पुस्तक उघडून बसले होते, पण एक अक्षर दिसत नव्हतं. मी न वाचलेली ओळ तेवढी दिसत होती.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तीन दिवस काय पिता, किती वेळा जाता, सगळं लिहून आणा. मी वहीत रेघा मारून तक्ता केला आणि खरं खरं लिहिलं. धुळ्याला त्यांनी तो वाचला, पान उलटलं, परत पहिल्या पानावर आल्या.

"हुलग्याचं कढण, दोन तांबे. हुलग्याचं कढण, एक किटली. जवाचं पाणी. हे कशासाठी?"

आई म्हणाली, "मुतखड्यासाठी."

"तुम्हाला मुतखडा आहे?"

"नही."

"मग?"

"बायकांले वाटतं, आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले. त्या हसत होत्या हे मला जरा उशिरानं कळलं. मग त्यांनी आईला नीट तपासलं, लघवीही तपासायला पाठवली. जाळी जागेवर होती. एवढं पाणी पोटात गेल्यावर कोणालाही धावावं लागेल, त्या म्हणाल्या. मांडीचं दुखणं काही महिने राहू शकतं, एखादीचं जातच नाही, तेही सांगितलं. "आणि आत टोचल्यासारखं वाटलं, रक्त गेलं, तर त्याच दिवशी यायचं. लाजत बसायचं नाही. हे सगळं कागदात लिहिलेलं होतंच."

एस.टी.त पारोळं येईपर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत बसले. मग आईला सांगितलं, की कागदात होतं आणि मी वाचलं नाही.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माहीत आहे. तुझं बोट एक ओळ सोडून खाली उतरलं. मले वाचता येत नही, दिसतं तर ना."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू वाचली असती. वाचली असती तर मी उठून गेली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्हा असं नको करू. मले भीती वाटली तर वाटू दे. ती माझी आहे."

मी रडायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून आईला विचारलं, "पोरीले गाडी लागते काय?" आई म्हणाली, "व्हय, जरा लागते," आणि मला लिंबू हुंगायला दिलं. ते लिंबू आम्ही दोघींनी एरंडोलपर्यंत आलटून पालटून हुंगलं.

कढण बंद झालं, म्हणजे येणारं सगळं आमच्या कढीपत्त्याच्या झाडाला जायला लागलं. आईची धावपळ थांबली. पण मोठ्यानं हसायची तिची हिंमत अजून होत नव्हती.

चैत्रात मी परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आले होते. पापडांचा पहिला मान मोठ्या आईच्या घरचा. सकाळी आईनं पोळपाट काखेत मारला, पातळाखाली कापडाची एक जाड घडी घेतली, "असू दे" म्हणाली, आणि माझ्या पुढे चालायला लागली.

"आली व बाजारवाली," अक्का म्हणाल्या. "सरका, तिले पंख्याखाली बसवा. तालेवार आहे."

आई भिंतीजवळ बसली. मांडी ओढायची म्हणून एक पाय लांब केला. मी समोर दोऱ्यानं लाट्या कापत होते आणि फक्त तिच्याकडे बघत होते, त्यामुळे एक लाटी सुपारीएवढी, एक लिंबाएवढी होत होती. दोन तास बायका हसल्या. एकीनं तिच्या सासऱ्यांनी मोबाइलमध्ये बायकोचा आणि दोन्ही सुनांचा नंबर 'घरची' असाच ठेवून बायकोसाठी घरातले तीन फोन कसे वाजवले ते सांगितलं. आई खाली मान घालून लाटत राहिली. ओठ गच्च मिटलेले.

मग मोठी आई तिला म्हणाली, "बरं झालं तू आली. मले तुले सांगायचंच होतं. यांले मुतखडा निघाला."

आईचं लाटणं थांबलं.

"मी म्हटलं, जळगाव नको न् काही नको. आपल्या घरातल्या बाईले जिनं बरं केलं तिच्याकडंच जाऊ. तुझ्या औषधाच्या पिशवीवर फोन होता, मी लावला. दवाखान्यातली पोरगी विचारे, किती महिने झाले? मी म्हटलं, झाले असतीन आठ. ती म्हने, दुखून राह्यलं काय? मी म्हटलं, दुखतं, म्हनूनच तर फोन केला. ती म्हने, आजच घेऊन या. मी म्हटलं, आज पापड आहेत, सोमवारी येतो. गाडीबी ठरवली."

मोठे बाबा म्हणजे सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी. बायका बसलेल्या खोलीत ते कधी पाऊल टाकत नाहीत. स्वतःच्या घरातही दारात खाकरून मग आत येतात. पोटुशा बायांच्या रांगेत, भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोखाली, फाइल मांडीवर घेऊन बसलेले मोठे बाबा मला दिसले, आणि त्याच क्षणी ते आईलाही दिसले हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

आधी तिच्या नाकातून आवाज आला. मग खांदे हलायला लागले. मग ती अशी हसली की लाटणं हातातून सुटून घरंगळत अक्कांच्या पायाशी गेलं. जवळ धरायला चौकट नव्हती. ती भिंतीला टेकली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना. "काय झालं व?" "ठसका लागला काय?" तिनं हात वर करून थांबा अशी खूण केली आणि आणखी हसली.

आणि मध्येच थांबली. दुधावर लक्ष असल्यासारखी कान देऊन बसली. माझा दोरा लाटीत अर्धा रुतलेला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मान डावीकडून उजवीकडे हलवली. काही नाही. काहीच नाही. मग परत हसायला लागली, आणि मीही.

"बाई," ती दम घेत मोठ्या आईला म्हणाली, "भाऊंले तिथं नका नेऊ. ती बायांची डॉक्टर आहे. बाळंतपणं करते."

"मंग तुझा खडा तिनं कसा काढला?"

"मले खडा नव्हताच."

"आन बाटलीतला?"

"टाकीखालचा."

पीठ कुटणारीचा हात वरच राहिला. आई सगळ्यांकडे बघून एका दमात म्हणाली, "हसलं, शिंकलं की माझं सुटे. सहा वर्षं. म्हनून येत नव्हती. आता आतून जाळी बसवली."

मला वाटलं, आता कोणीतरी तोंडावर पदर घेईल. अक्कांनी पायाजवळचं लाटणं उचललं, पुसलं.

"आन आम्ही तुले आठ दिवस हुलगे पाजले?"

"व्हय."

"आन तू पेली?"

"तुम्ही समोर बसल्या होत्या ना."

पहिल्या फुटल्या त्या अक्काच. हसता हसता निऱ्या मुठीत धरून उठल्या, "सरका व, मले जाऊ द्या आधी," म्हणत अंगणातल्या मोरीकडे पळाल्या. त्यांच्या मागे मोठी आई. मग पीठ कुटणारी. मग बाकीच्या सगळ्या, एकमेकींना ढकलत. मोरी एकच, तिच्यापुढे ओळ लागली, आणि ओळीतल्या बायका हसणं थांबवू शकत नव्हत्या, त्यामुळे हाल आणखी वाढत होते.

"सर पुढं, आठ महिन्यांची आहे काय?"

"अक्का, लवकर निघा, नाहीतर इथंच पापड भिजतीन."

एवढ्या जणींचं असं आहे हे मला माहीत नव्हतं. बहुतेक त्यांनाही एकमेकींचं माहीत नव्हतं. ओट्यावर आम्ही दोघीच उरलो. पीठ वाळू नये म्हणून आई भराभर लाटत होती, मधूनच खांदे हलत होते.

"दुखतं काय व?" ओळीतून मोठ्या आईनं विचारलं.

"मांडीत दुखतं अजून. बसून उठलं की ओढतं. कोणाकोणाले आणखी बिघडतं म्हने. आधी व्यायाम देतात, तेवढ्यानंबी होतं कोणाचं कोणाचं."

"आन हसून?"

"हसून काही नही."

मोरीचं दार उघडलं. अक्का पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "सोमवारची गाडी नको फिरवू. आपण जाऊ."

"आन यांचं काय?" मोठी आई म्हणाली.

"त्यांले बसनं जळगावले पाठव."

गाडीत सात जणींची जागा होती. ओळ संपेपर्यंत नऊ जणी तयार झाल्या. आईनं हातातला पापड सुपावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी पुढं बसीन. मागं बसलं की मांडी दुखते माझी."